विद्यापीठातल्या तांत्रिक कर्मचाऱ्यांचं नेटवर्क: पहिल्या यादीपासून पहिल्या वार्षिक अहवालापर्यंत

प्राध्यापकांना परिषदा असतात, शोधनिबंध असतात, उजळणी वर्ग असतात. रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं एचपीएलसी (द्रव मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सांभाळणाऱ्या तांत्रिक सहाय्यकाला मात्र पलीकडच्या इमारतीत तेच यंत्र कोण चालवतं, हेही पुष्कळदा ठाऊक नसतं. पंपाचा दाब खालीवर व्हायला लागला की कंपनीला फोन जातो. इंजिनियर मुंबईहून किंवा पुण्याहून येतो आणि व्हिजिट चार्ज लावतो. दोष निघतो चेक व्हॉल्व्हमध्ये बसलेल्या बफरच्या क्षाराचा. तो व्हॉल्व्ह काढून आधी कोमट पाण्यात आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा-दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या टाकीत) ठेवला असता, तर बहुतेक वेळा तेवढ्यावर भागलं असतं. हे सांगू शकणारा माणूस त्याच आवारात असतो, फक्त दोघांची गाठ पडलेली नसते.

ही गाठ घालून देणं हेच नेटवर्कचं काम. इथे महाराष्ट्रातलं सार्वजनिक विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत. कृषी विद्यापीठांत किंवा गोवा विद्यापीठात पदनामं आणि कार्यालयीन वाट थोडी बदलेल, काम तेच राहील. एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: सुरुवात यंत्रांपासून आणि बिघाडांपासून करायची. उद्घाटन, बोधचिन्ह, पदाधिकाऱ्यांची निवड यांपासून सुरू झालेले गट बहुधा दुसऱ्या बैठकीच्या पुढे जात नाहीत. तिथे येणाऱ्याला स्वतःच्या कामासाठी काहीच मिळत नाही.

यादी: कोण, कुठे, कोणत्या यंत्रावर

पदनामांच्या मागे लागलात तर यादी अर्धवट राहील. प्रयोगशाळा सहाय्यक, प्रयोगशाळा परिचर, तांत्रिक सहाय्यक, यंत्रचालक, कार्यशाळेतला टर्नर किंवा फिटर, ग्लास ब्लोअर, संगणक केंद्रातला सिस्टिम ॲडमिन, वनस्पती उद्यान सांभाळणारा, प्राणीगृहातला कर्मचारी, भांडारपाल हे सगळे त्यात हवेत. कसोटी साधी ठेवा: यंत्राची किल्ली किंवा रसायनांच्या कपाटाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, किंवा काही बिघडलं की पहिली हाक ज्याला जाते, तो यादीत.

माहिती तीन ठिकाणांहून मिळते. आस्थापना विभागाकडे सेवाज्येष्ठता यादी असते. तिच्यात कायम कर्मचारी सापडतात, कंत्राटी आणि प्रकल्पावरचे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक विभागात जाऊनच विचारावं लागतं, आणि ते टाळू नका. नव्या, महागड्या यंत्रांवर अनेक ठिकाणी हीच मंडळी बसलेली असतात. तिसरी जागा म्हणजे जडसंग्रह नोंदवही (टिकाऊ वस्तूंची नोंद) आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) फाइल. कोणतं यंत्र कधी आलं, चालू आहे की पडून आहे, ते तिथे कळतं.

स्प्रेडशीटमध्ये एवढे रकाने पुरेत: नाव, विभाग किंवा महाविद्यालय, नेमणुकीचा प्रकार, मोबाइल, स्वतः चालवत असलेली यंत्रं (मेक आणि मॉडेलसह), स्वतः दुरुस्त करू शकत असलेल्या गोष्टी, शिकायचं आहे ते, निवृत्तीचं वर्ष आणि क्रमांक इतरांना दाखवायला संमती आहे की नाही. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका. संमतीशिवाय कुणाचाही मोबाइल क्रमांक सर्वांना उघडा करायचा नाही, महिला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. निवृत्तीच्या वर्षाचा उपयोग पुढे येईल.

फॉर्मची लिंक पाठवून ही माहिती येत नाही. फोन करावा, शक्यतो दुपारी तीननंतर, प्रात्यक्षिकाची तुकडी सुटल्यावर. “नमस्कार मॅडम, मी भौतिकशास्त्र विभागातून बोलतोय. तुमच्याकडे एफटीआयआर आहे ना? ते तुम्हीच बघता का? सध्या काही अडलंय का?” (एफटीआयआर म्हणजे अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र.) एवढ्यावर समोरचा माणूस मोकळा होतो. “काही अडलंय का” हा प्रश्न सोडू नका. त्याची उत्तरं म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचा कार्यक्रम. परिचरांना आवारात सगळे ‘मामा’ म्हणून ओळखतात. यादीत त्यांचं पूर्ण नाव आणि येणारं काम लिहा. काचेचा स्टॉपकॉक न फोडता सोडवणं, डिस्टिलेशन प्लँटमधला क्षार काढणं, किप उपकरण (प्रयोगशाळेत वायू तयार करणारं) भरणं ही कौशल्यंच आहेत आणि अशा कामांत मामांचा हात इतरांपेक्षा सराईत असतो.

चालवणारा गट

पाच ते सात माणसं घ्या. दोन विभाग मोठ्या यंत्रांचे, एक कार्यशाळेचा, एक जीवशास्त्राकडचा, एक संगणकाचा आणि किमान दोन जण संलग्न महाविद्यालयांतले, असं काहीसं. कंत्राटी कर्मचारी एक तरी हवा, महिला किमान दोन हव्यात. विभागप्रमुखांना गटात घेऊ नका. त्यांची मदत लागते, पण ते समोर बसले की ‘आमचं यंत्र सहा महिने बंद आहे’ हे वाक्य कुणी बोलत नाही.

कामं वाटून द्या: एकाकडे यादी, एकाकडे व्हॉट्सॲप गट, एकाकडे बिघाडांची नोंद, एकाकडे कार्यालयीन पत्रव्यवहार. प्रत्येक कामाला दुसरा माणूस जोडीला हवा, कारण बदली, आजारपण, परीक्षेचं काम हे येणारच.

परवानगी: हे आधी करा

पुष्कळ चांगले गट इथे फसतात. दोन-तीन महिने सगळं तोंडी चालतं. मग कुणी बैठकीला गेलेला असताना विभागात काही अडतं, आणि विभागप्रमुख विचारतात, “कुणाच्या परवानगीने गेलात?” म्हणून पहिल्या बैठकीआधी कार्यालयीन आदेश हातात असू द्या.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांना. विषय असा: ‘विद्यापीठातील तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या मासिक तांत्रिक बैठकीस परवानगी मिळणेबाबत’. मजकूर एका पानाच्या वर नको आणि मागण्या तीनच ठेवा. महिन्यातून एकदा तीन तासांची बैठक, ती कर्तव्यकाळ म्हणून धरली जावी. बैठकीसाठी आळीपाळीने एकेका विभागाची प्रयोगशाळा मिळावी. एका समन्वयकाचं नाव आदेशात यावं. शेवटी ‘यासाठी विद्यापीठावर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार पडणार नाही’ हे वाक्य लिहा. पहिल्या वर्षी पैसे मागितले की फाइल वित्त विभागाकडे जाते आणि तिथे मुक्काम करते.

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. फाइल कोणत्या टेबलवर आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर कळत नाही. अर्जाची एक प्रत आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) समन्वयकांना द्यावी. नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) अहवालासाठी त्यांना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची माहिती गोळा करावीच लागते, त्यामुळे तुमच्या बैठका त्यांच्याही कामाच्या असतात. आत शब्द टाकायला याहून चांगला माणूस मिळणार नाही.

आणखी एका ठिकाणी आधी बोला: शिक्षकेतर कर्मचारी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी. वेतन, पदोन्नती, आश्वासित प्रगती योजना, रिक्त पदं हे सगळे विषय संघटनेचे. नेटवर्कचे विषय यंत्र, सुरक्षितता आणि कौशल्य. ही सीमा दोन्ही बाजूंनी स्पष्ट असेल तर प्रशासन घाबरत नाही आणि संघटनेलाही समांतर काही उभं राहतंय असं वाटत नाही. अर्जात ‘संघ’, ‘संघटना’, ‘मंच’ असे शब्द नकोत. ‘तांत्रिक बैठक’ पुरे.

व्हॉट्सॲप गट आणि बिघाडाची नोंद

गट व्हॉट्सॲपवरच होणार, कारण सगळे तिथेच आहेत. पण शुभ सकाळ, वाढदिवस, फॉरवर्ड केलेले व्हिडिओ सुरू झाले की कामाचा माणूस गट म्यूट करतो आणि मग तातडीचा प्रश्नही कुणी बघत नाही. दोन गट करा. एकात फक्त ॲडमिन लिहितील: बैठकीची तारीख, परिपत्रक, प्रशिक्षणाची जाहिरात. दुसरा बिघाडांचा, तिथे सगळे लिहितील, पण ठरलेल्या साच्यात. उदाहरण एका स्पेक्ट्रोफोटोमीटरचं (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र; क्यूव्हेट म्हणजे त्यात द्रावण ठेवायची चौकोनी नळी):

“यंत्र: यूव्ही-व्हिजिबल, डबल बीम, साधारण १२ वर्षं जुनं. काय होतंय: २३० ते २६० नॅनोमीटरमध्ये रीडिंग स्थिर राहत नाही, ३५० च्या पुढे ठीक. काय करून पाहिलं: अर्धा तास तापू दिलं, क्यूव्हेट बदलले. दिवा कधी बदलला: नोंद नाही. एएमसी: संपली. कधीपर्यंत हवं: सोमवारी बी.एस्सी.ची तुकडी.”

असा संदेश आला की जाणकाराला एका ओळीत उत्तर देता येतं: ड्युटेरियम दिवा संपत आलाय. सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचे तास दिसतात का ते बघा, साधारण हजार ते दोन हजार तास हे त्याचं आयुष्य. टंगस्टन दिवा वेगळा असतो, म्हणून ३५० च्या पुढे सगळं ठीक दिसतंय. नवा बसवताना काचेला उघडं बोट लावू नका, घामाचे डाग तापल्यावर काचेत भाजले जातात. पेटलेल्या दिव्याकडे साध्या डोळ्यांनी बघू नका. याउलट ‘स्पेक्ट्रो चालत नाही, कुणी मदत करा’ एवढंच लिहिलं तर वीस प्रश्नोत्तरं होतात आणि मूळ माणूस कंटाळतो.

सुटलेला प्रत्येक बिघाड त्याच आठवड्यात सामायिक स्प्रेडशीटमध्ये चढवा: तारीख, यंत्र, लक्षण, कारण, उपाय, लागलेला सुटा भाग, खर्च, किती दिवसांत सुटलं. व्हॉट्सॲपमधलं ज्ञान चार महिन्यांनी सापडत नाही, शीटमधलं सापडतं. हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या नेटवर्कचं मोल याच शीटमध्ये साठतं. म्हणून ते सर्वांत नेटक्या माणसाकडे द्या.

काही बिघाड गटावर सोडवायचेच नाहीत, हेही पहिल्या दिवशी लिहून लावा. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा जनरेटर, उच्च दाबाचा वीजपुरवठा, मोठा यूपीएस, लेझर आणि गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर यांची झाकणं फोनवरच्या सल्ल्याने उघडायची नाहीत. यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो. एक्स-रे यंत्रांना अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीत नोंद लागते, त्यांच्या सुरक्षा यंत्रणेत परस्पर हात घालणं नियमबाह्य आहे. शिवाय वॉरंटीतल्या यंत्राचं सील तोडलं की पुढचा सगळा खर्च विभागाच्या माथी येतो. अशा वेळी गटावर एवढंच विचारायचं: अधिकृत इंजिनियर कोण, किती दिवसांत येतो, किती घेतो.

पहिली बैठक

सभागृहात घेऊ नका, प्रयोगशाळेत घ्या. प्रात्यक्षिक परीक्षा संपल्यावर आणि प्रवेश सुरू होण्याआधीचा आठवडा निवडा. संलग्न महाविद्यालयांतून येणाऱ्यांचा प्रवास मोजा. सोलापूर विद्यापीठाचं कार्यक्षेत्र एकाच जिल्ह्याचं, तिथे अकरा वाजता बैठक ठेवून सगळे संध्याकाळी घरी पोचू शकतात. नांदेडच्या विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे आहेत, जळगावच्या विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार. तिथे वर्षातून दोन बैठका विद्यापीठात आणि बाकीच्या जिल्हावार, असं केलं तरच लांबची माणसं टिकतात. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना कर्मचाऱ्याचं नाव घालून पत्र पाठवा आणि परत जाताना उपस्थितीचं प्रमाणपत्र हातात द्या. ते नसेल तर त्या माणसाची एक किरकोळ रजा जाते आणि तो पुन्हा येत नाही.

कार्यक्रम तीन तासांचा. पहिली वीस मिनिटं ओळख: नाव, यंत्र, अडलेली एक गोष्ट. पुढचा दीड तास प्रत्यक्ष काम. तीस माणसं असतील तर आठ-आठच्या तुकड्या करून यंत्राभोवती उभं करा, त्याहून जास्त असतील तर मागच्यांना काही दिसत नाही. मग जेवण, आणि शेवटी पुढच्या महिन्याचा विषय व यजमान विभाग ठरवणं. भाषणं नकोत. कुलसचिव किंवा प्र-कुलगुरू आले तर त्यांना यंत्राजवळ न्या आणि काम दाखवा.

पहिलं सामायिक काम: एकच द्रावण, सगळ्यांचे स्पेक्ट्रोफोटोमीटर

गट जुळतो तो एकत्र केलेल्या कामाने, आणि सुरुवातीला यासारखं दुसरं काम नाही. यूव्ही-व्हिजिबल जवळजवळ प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात असतो, खर्च नगण्य येतो आणि निकाल आकड्यांत मिळतो.

शुद्ध पोटॅशियम डायक्रोमेट १३० अंश सेल्सिअसला स्थिर वजन येईपर्यंत सुकवा आणि डेसिकेटरमध्ये (ओल न लागू देणाऱ्या झाकणबंद भांड्यात) थंड होऊ द्या. ०.००५ मोलार सल्फ्यूरिक आम्लाचं दोन लिटर द्रावण करा. त्यासाठी संहत आम्ल साधारण ०.५६ मिलिलिटर लागतं, ते पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. चार दशांश स्थळांच्या तराजूवर ६०.० मिलिग्रॅम डायक्रोमेट तोला आणि याच आम्लात विरघळवून बरोबर एक लिटर करा. उरलेलं आम्ल ‘ब्लँक’ (तुलनेसाठीचं, डायक्रोमेट नसलेलं द्रावण) म्हणून ठेवा. प्रत्येक प्रयोगशाळेला घट्ट झाकणाच्या गडद बाटलीत ३० मिलिलिटर द्रावण आणि ३० मिलिलिटर ब्लँक द्या. बाटल्या बैठकीतच हातोहात द्या. हे द्रावण विषारी आणि आम्लयुक्त आहे, कुरिअरने पाठवायचं नाही.

एक सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये येणारे शोषणाचे (ॲब्सॉर्बन्स) आकडे असे असावेत. २३५ नॅनोमीटरला ०.७४७ (चालेल ०.७३७ ते ०.७५७). २५७ ला ०.८६४ (०.८५७ ते ०.८७४). ३१३ ला ०.२९२ (०.२८२ ते ०.३०२). ३५० ला ०.६४० (०.६२९ ते ०.६४९). वजन ६०.० ऐवजी ६०.६ भरलं असेल तर आलेल्या वाचनाला ६०.६ ने भागून ६० ने गुणा आणि मग तुलना करा. यंत्र अर्धा तास तापू द्या, प्रत्येक ठिकाणी तीन वाचनं घ्या, यंत्राची स्लिट रुंदी आणि खोलीचं तापमानही लिहा.

खरी शिकवण चुकलेल्या आकड्यांत असते, म्हणून निकाल पुढच्या बैठकीत फळ्यावर मांडा. प्रयोगशाळांना नावाऐवजी क्रमांक द्या, नाहीतर पुढच्या वेळी लोक आकडे ‘जुळवून’ आणतील. २३५ आणि २५७ ला वाचन भलतंच जास्त आणि ३५० ला ठीक असेल, तर क्वार्ट्झऐवजी काचेचा क्यूव्हेट वापरला गेलाय. काच अतिनील किरण अडवते. महाविद्यालयांत ही चूक सर्रास होते, कारण दोन्ही क्यूव्हेट एकाच डब्यात ठेवलेले असतात. चारही आकडे एकाच प्रमाणात कमी आले, तर बाटली ओली होती किंवा क्यूव्हेट द्रावणाने न विसळता भरला. चारही थोडे जास्त आणि २३५ ला सर्वांत जास्त फरक असेल, तर क्यूव्हेटवर बोटांचे डाग किंवा आत बुडबुडा आहे. आकडे योग्य पण २३५ ला तिसरा दशांश नाचतोय, तर दिवा म्हातारा झालाय.

या द्रावणाने तरंगलांबीची चूक नीट पकडली जात नाही, कारण चारही जागा आलेखाच्या शिखरावर किंवा तळाशी आहेत आणि तिथे एक-दोन नॅनोमीटर सरकलं तरी वाचन फारसं बदलत नाही. त्यासाठी होल्मियम ऑक्साइडचा फिल्टर लागतो. विद्यापीठात कुणाकडे तरी तो असतो. तो गटामार्फत फिरवा आणि ३६१ नॅनोमीटरजवळचं तीक्ष्ण शिखर कुठे येतं ते सगळ्यांनी नोंदवा.

उरलेलं डायक्रोमेट बेसिनमध्ये ओतू नका. हे षट्संयुजी क्रोमियम आहे, कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, सगळ्यांच्या बाटल्या परत मागवा आणि विद्यापीठाच्या घातक कचऱ्याच्या व्यवस्थेत जमा करा.

हेच पुढे पीएच मीटर, तराजू आणि कंडक्टिव्हिटी मीटरसाठी करता येतं. वर्षातून दोन फेऱ्या पुरे.

सुटे भाग उसने देणं-घेणं

पडून असलेल्या यंत्रांत सोन्यासारखे भाग अडकून असतात: दिवे, पंपाचे सील, बर्नर, इलेक्ट्रोड, कंट्रोल कार्ड. त्यांची यादी करा. देताना मात्र दोन प्रकार वेगळे ठेवा. उपभोग्य वस्तू विभागप्रमुखांच्या सहीच्या साध्या चिठ्ठीवर देता येतात. जडसंग्रह नोंदवहीत चढलेली वस्तू परतीच्या गेटपासशिवाय आवाराबाहेर जाता कामा नये. चिठ्ठीवर वस्तूचा अनुक्रमांक, देताना असलेली स्थिती आणि परतीची तारीख लिहा, फोटो काढा. लेखापरीक्षणात वस्तू जागेवर नाही असं निघालं तर जबाबदारी देणाऱ्यावर येते आणि मग त्या विभागातून पुन्हा कुणी काही देत नाही. निर्लेखनाला (नोंदीतून बाद करायला) काढलेल्या यंत्रातले भाग घ्यायचे असतील तर निर्लेखन समितीच्या टिपणीत तसा उल्लेख करून घ्या.

सेंट्रिफ्यूजचे रोटर उसने देऊ नका. रोटर त्या त्या मॉडेलसाठी असतो, त्याला गंज किंवा बारीक तडा असला तर पूर्ण वेगात तो फुटतो.

हंगामाप्रमाणे विषय

बैठकीचे विषय आपोआप सुचतात. मे अखेरीस एफटीआयआर घ्या. त्यातला बीमस्प्लिटर (किरण दुभागणारा भाग) आणि खिडक्या पुष्कळदा पोटॅशियम ब्रोमाइडच्या असतात, त्या हवेतली ओल शोषून दुधाळ होतात आणि कोकणात एका पावसाळ्यात निकामी होऊ शकतात. यंत्रातलं ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की १२० अंशांच्या आसपास तापवून परत निळं करायचं, यंत्र सुट्टीतही चालू ठेवायचं, खोलीतली आर्द्रता रोज लिहायची. एसीवर विसंबू नका, रात्री तो बंद होतो आणि सकाळी थंड पृष्ठभागावर पाणी धरतं. खोलीत डिह्युमिडिफायर हवा. पॉलिस्टिरीनच्या फिल्मवर १६०१ वेव्हनंबरचं शिखर महिन्यातून एकदा तपासून त्याची नोंद भिंतीवर लावावी.

मार्च-एप्रिलमध्ये विजेचा विषय: अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज, यूपीएसच्या बॅटऱ्या. दिवाळीनंतर व्हॅक्यूम पंपाचं तेल. जानेवारीत रसायनांच्या कपाटांची फेरी: ईथरच्या जुन्या बाटल्या, परॉक्साइड, आम्ल आणि अल्कली एकाच फळीवर तर नाहीत ना.

विद्यापीठाबाहेरचे धागे

केंद्र सरकारची सैफ केंद्रं (बाहेरच्यांचेही नमुने तपासून देणाऱ्या अत्याधुनिक उपकरणांच्या प्रयोगशाळा) आयआयटी मुंबईत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. नमुना पाठवणं हा एक संबंध झाला, तिथल्या यंत्रचालकांशी ओळख करून घेणं हा दुसरा आणि जास्त टिकाऊ. नमुना कसा तयार करून आणला तर पहिल्या फेरीत निकाल येतो, हे तेच सांगू शकतात. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रं शोधता येतात. आपल्या विद्यापीठाची नोंद तिथे अद्ययावत आहे का ते पाहण्याचं काम नेटवर्कनं अंगावर घ्यावं. प्रशिक्षणांच्या जाहिरातींत पात्रतेचं कलम नीट वाचा. पुष्कळ कार्यक्रम फक्त शिक्षक आणि संशोधकांसाठी लिहिलेले असतात, पण आयोजकांना पत्र लिहून विचारलं तर तांत्रिक कर्मचाऱ्यांना जागा मिळू शकते.

ब्रिटनमध्ये २०१७ पासून ‘टेक्निशियन कमिटमेंट’ नावाचा उपक्रम आहे. विद्यापीठं आणि संशोधन संस्था त्यावर सही करून तंत्रज्ञांची दृश्यता, मान्यता, कारकिर्दीची वाढ आणि कौशल्यांचं सातत्य या चार बाबतींत आपण काय करणार, हे लिहून देतात. आपल्या कुलगुरूंना प्रस्ताव द्यायचा असेल तेव्हा ही चार शीर्षकं उपयोगी पडतात. शोधनिबंधाच्या आभारात यंत्रचालकाचं नाव घालणं आणि यंत्राच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लावणं यांना एक रुपया लागत नाही, तिथून सुरुवात करायला सांगा.

पैसा आणि नोंदणी

पहिली दोन वर्षं नोंदणी करू नका. महाराष्ट्रात संस्था नोंदवायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. त्यापाठोपाठ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षीचे हिशेब आणि विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज. ज्यांना बिघाड सोडवायचेत त्यांची संध्याकाळ कागदांत जाईल. तीस जणांचा चहा आणि जेवण, माणशी १५० रुपये धरले तर साडेचार हजार होतात. यजमान विभागाने किंवा आयक्यूएसीने प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली ते करावेत. समन्वयकाच्या खात्यावर वर्गणी गोळा करू नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी पहिला वाद तिथेच होतो.

यंत्र विकणाऱ्या कंपन्या स्वतःहून जेवण आणि भेटवस्तू देऊ करतील. घेऊ नका. यातले पुष्कळ जण पुढे खरेदीचे तांत्रिक निकष लिहायला बसतात. कंपनीच्या इंजिनियरला शिकवायला जरूर बोलवा, पण विक्री प्रतिनिधीला बिघाडांच्या गटात घेऊ नका. त्याला कुठलं यंत्र मरतंय हे आधी कळतं आणि कर्मचाऱ्याआधी विभागप्रमुखांकडे कोटेशन पोचतं.

निवृत्त होणाऱ्यांचं काम आधी

यादीतला निवृत्तीचा रकाना आता उघडा. पुढच्या अठरा महिन्यांत जाणारे जेवढे असतील त्यांच्या प्रत्येकी दोन बैठका ठरवा, त्यांच्याच प्रयोगशाळेत. मुलाखत घेऊ नका, काम करायला सांगा आणि मोबाइलवर चित्रित करा: सुरू करण्याचा क्रम, बंद करण्याचा क्रम, आवाज बदलला की ते काय बघतात. ग्लास ब्लोअर असेल तर त्याला प्राधान्य द्या, कारण ही कला येणारी माणसं फार थोडी उरली आहेत आणि पद रिकामं झालं की भरलं जाईल याची खात्री नाही. चित्रफितीत काचेची जाडी, ज्योतीचा रंग आणि ॲनीलिंगसाठी (काच सावकाश थंड करण्यासाठी) दिलेला वेळ बोलून घ्या. नुसतं बघून ते कळत नाही.

वर्षअखेरीचा अहवाल

दोन पानं पुरेत. बिघाड नोंदीतून चार गोष्टी काढा: किती बिघाड आले, किती आतल्या आत सुटले, सरासरी किती दिवसांत, आणि बाहेरून इंजिनियर आला असता तर किती खर्च आला असता. शेवटचा आकडा फुगवू नका. ज्या बिघाडांसाठी कंपनीचं कोटेशन हातात आहे तेवढेच धरा, वित्त विभाग हाच आकडा तपासतो. सोबत डायक्रोमेट फेरीचा तक्ता आणि सुटलेल्या तीन बिघाडांचं थोडक्यात वर्णन, त्या कर्मचाऱ्यांच्या नावांसह. प्रती कुलसचिव, आयक्यूएसी आणि प्रत्येक सहभागी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना. त्याच पत्रात पुढच्या वर्षासाठी मागणी करा, आणि आता पैशाचीही करा: होल्मियम फिल्टर, एक चांगला मल्टिमीटर, एक अर्थ टेस्टर, आणि लांबच्या महाविद्यालयांतून येणाऱ्यांचा प्रवासभत्ता. समन्वयकही याच वेळी बदला. जुन्याने नव्याला स्प्रेडशीटचा मालकी हक्क, दोन्ही गटांचं ॲडमिनपद आणि पत्रव्यवहाराची फाइल एकाच दिवशी द्यावी आणि पुढचे तीन महिने जोडीने काम करावं.